वरच्या फळीवरची पिल्लं

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीच्या चढावर धुरींचं घर आहे. खाली एक खोली, वर पत्र्याखाली पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर वर्षभर एकही मादी जन्माला आली नव्हती. करवंटीत अंडी घातली गेली, पिल्लं फुटली, वाढली, शेपट्यांना रंग चढला, आणि दर वेळी प्रेमा धुरींनी काचेला नाक लावून पाहिलं तर सगळे नरच.

सुरुवातीला त्यांना यात वावगं काही दिसलं नाही. शोभेच्या माशांच्या धंद्यात नराला भाव असतो. धुरींकडे जो मासा निपजतो त्याला धंद्यात कॉकाटू म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, लांबी बोटाएवढी. नराच्या पाठीवर काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे काटे उभे राहतात आणि शेपटी लालभडक होते. मादी नराच्या निम्मी, करडी-पिवळट. ती जोडीतली म्हणून जाते. एकटीला कोणी विचारत नाही.

शेजारच्या नीलमने यावर विनोद केलाच होता. तिच्या आणि प्रेमाच्या पोटमाळ्यांच्या खिडक्या समोरासमोर आहेत.

"काय गं, यंदा पण सगळे पोरगेच? काय खायला घालतेस यांना? थोडं सुनेला पण दे की."

सून प्रांजल तेव्हा खाली ओट्याशी भाजी चिरत होती. तिला एक मुलगी आहे, चार वर्षांची सई. तिने वर न बघताच उत्तर दिलं, "मला एक पुरे आहे, नीलमकाकू. तुमच्या सुनेला पाठवते पुडीत बांधून."

हसणं झालं आणि विषय संपला. प्रेमाने उरलेलं पाणी बादलीत ओतलं आणि शिडी उतरायला घेतली. त्यांचं वय छप्पन्न. शिडी उतरताना त्या आता पाठमोऱ्या उतरतात.

हे मासे मुळात त्यांचे नव्हेत. ते नवऱ्याचे, बाळा धुरींचे. बाळाचे वडील मालवणजवळच्या गावातून गिरणीत आले. बाळा भांडुपला रंगाच्या कारखान्यात लागले. गिरणी गेली, पुढे कारखानाही बंद पडला, आणि बाळांनी घरातला छंद धंदा म्हणून धरला. आधी गप्पी, मग फायटर, मग हा कॉकाटू. एका दुकानदाराने पाठीत वाक आलेली मादी फेकायला काढली होती, ती त्यांनी मागून आणली. तिला चांगला नर लावला, पिल्लांतली सर्वांत लाल निवडली, त्यांची पिल्लं, पुन्हा त्यांतली लाल. वीसेक वर्षं हेच केलं. शेवटी शेपटीचा लाल रंग मुळापर्यंत उतरला. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात त्याला "भटवाडीचा लाल" असं नाव पडलं. बाळांच्या नावावर दुसरं काही नाही. घराचा कागद भावाच्या नावावर आहे.

पुढे बाळांचे गुडघे गेले. शिडी चढणं बंद झालं तेव्हापासून वरचं सगळं प्रेमाकडे आलं. बाळा खालच्या खाटेवरून विचारतात, प्रेमा वरून सांगतात.

"काय गो, फिल्टरचो स्पंज पिळलंस?"

"पिळलंय."

"पिल्लां वरच्या फळयेर ठेवलंस मां?"

"ठेवलंय हो."

हा शेवटचा प्रश्न बाळा कधी चुकवत नसत. वरची फळी हा त्यांचा नियम होता. पिल्लं पोहायला लागली की ती आईसकट सर्वांत वरच्या फळीवरच्या टँकमध्ये न्यायची. तिथे पाणी कोमट राहतं. पिल्लं खातात भरपूर, वाढतात लवकर, आणि गार पाण्यात अंगावर उठणारे पांढरे ठिपके येत नाहीत. दुसरा नियम बदामाच्या पानांचा. शाळेच्या मैदानाकडेला जंगली बदामाचं झाड आहे. त्याची गळलेली पानं वाळवून टँकमध्ये टाकायची, पाणी बिनदुधाच्या चहासारखं होईपर्यंत. त्याने रोग येत नाही आणि मासा खुलतो. दोन्ही नियम अनुभवाचे होते आणि दोन्ही बरोबर होते.

पण ते केले तेव्हा घरावर कौलं होती आणि फळ्या खालच्याच खोलीत होत्या. नंतर मुलाच्या, निलेशच्या लग्नाच्या वेळी छत उचलून पोटमाळा काढला आणि वर पत्रा टाकला. फळ्या वर गेल्या. मग नीलमच्या मुलाने एसी बसवला. त्याचं बाहेरचं खोकं प्रेमाच्या खिडकीसमोर आलं आणि दिवसभर गरम हवा आत फेकू लागलं. मागच्या बाजूला इमारत उठली आणि टेकडीवरून येणारा वारा अडला. बाळा खाटेवर होते. त्यांना वरच्या हवेतला फरक समजायला मार्ग नव्हता. प्रेमाला समजत होता, पण त्यांच्या लेखी तो त्यांच्या घामाचा प्रश्न होता, माशांचा नव्हे.

खरी चूक झाली ती दिवाळीच्या आधी, आणि ती प्रेमाच्या हातून झाली.

कुर्ल्याचा दुकानदार हर्षद स्वतः घरी आला. पवईच्या एका गिऱ्हाइकाला मोठ्या टँकसाठी भटवाडीचा लाल हवा होता.

"भाभी, या वेळी सुट्टे नर नको. जोडी दे. पार्टी समजणारी आहे."

"माद्या कमी आहेत रे."

"तुझ्याकडे नाही तर कोणाकडे? बाळाभाई, सांगा ना भाभीला."

जुन्या विणींतल्या थोड्या माद्या एका टँकमध्ये राखून ठेवल्या होत्या. प्रेमाने जाळीने त्या एकेक वर काढल्या. घरासाठी चार ठेवायच्या, बाकी द्यायच्या. ठेवायच्या कोणत्या, याबद्दल मासे निपजवणारा कधी विचारात पडत नाही. सर्वांत मोठ्या, सर्वांत धडधाकट असतात त्या ठेवायच्या. बाळांनी वीस वर्षं हेच केलं होतं. प्रेमाने चार मोठ्या माद्या राखल्या आणि बारक्या हर्षदच्या पिशवीत सोडल्या.

जानेवारीत त्या माद्यांच्या टँकमधला मोठा नर मेला. त्याच्या जागी दुसरा सोडायचा होता, पण प्रेमाचे चार दिवस तापात गेले, मग आणखी काही दिवस नुसतेच गेले. पुन्हा वर चढून माद्यांच्या टँकपुढे बसल्या तेव्हा चारपैकी तिघींच्या पाठीवर तुरे उभे राहिले होते. शेपट्यांत लाल उतरत होता.

त्यांनी मोबाइलवर फोटो काढून खाली नेला. बाळांनी तो दूर धरला, जवळ धरला.

"फसयल्यानी," एवढंच ते म्हणाले. मग भिंतीकडे वळून झोपले.

दांडग्या नराच्या टँकमध्ये दुबळे नर मादीचा वेष घेऊन राहतात. रंग दाबतात, तुरा मिटतात, म्हणजे मार खावा लागत नाही. मोठा नर गेला की वेष उतरतो. हे बाळांना माहीत होतं. एखादा असा निघायचाच. पण त्यांच्या वेळी माद्या भरपूर असत, त्यामुळे एखाद्या सोंगाड्याने फरक पडत नसे. मागच्या काही विणींत नरच जास्त निघाले होते, म्हणून सोंगंही जास्त होती. आणि माद्यांच्या घोळक्यात सर्वांत मोठा दिसतो तो बहुधा असा सोंगाड्याच. प्रेमाने नेमके नर राखले होते आणि खऱ्या माद्या विकल्या होत्या. त्या परत मागवायला हर्षदला फोन केला. पवईच्या गिऱ्हाइकाच्या टँकचा फिल्टर बंद पडून मासे केव्हाच गेले होते.

म्हणजे भटवाडीच्या लालाची एकच मादी शिल्लक होती. ती दोन वर्षांची होती, आणि हा मासा फार तर तीन वर्षं जगतो. दुसऱ्या कोणाची मादी आणून लावली तर पिल्लं कॉकाटू होतील, पण तो लाल राहणार नाही. वीस वर्षांचं काम एका म्हाताऱ्या मादीच्या पोटात येऊन थांबलं होतं.

प्रांजल आणि निलेश आता मुलुंडला राहतात. ती तिथे बारावीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. रविवारी निलेशबरोबर आली तेव्हा घरात कोणी नीट बोलत नव्हतं. कारण समजल्यावर ती वर गेली, थर्मामीटर बुडवून आली, घाम पुसला आणि विचारलं, "पिल्लं नेहमी त्या वरच्याच फळीवर असतात?"

"नेहमी," बाळा म्हणाले. त्यात अभिमान होता.

"मग म्हणूनच नर होतात, बाबा. या माशांचं अंड्यात पक्कं ठरलेलं नसतं. पहिला महिनाभर पाणी कसं मिळतं त्यावर ठरतं. गरम असलं की नर जास्त. गार असलं की माद्या."

"तुका कोणी सांगल्यान?"

"अभ्यास झालाय यावर. कासवांचं पण तसंच असतं, फक्त उलटं. वाळू तापली की माद्या. आणि काही जातींत पाणी आंबट असेल तरी नर वाढतात. बदामाच्या पानांनी पाणी आंबट होतं."

"बदामाचां पान औषध आसा," बाळा म्हणाले. "माका शिकवू नको."

प्रेमाला वेगळंच विचारायचं होतं. "हर्षदच्या दुकानात तो केशरी मासा आहे ना, पांढऱ्या पट्ट्यांचा. तो म्हणतो, मादी मेली की नरच मादी होतो. मग आपल्यातला एखादा?"

"तो वेगळा, आई. त्याला बदलता येतं. यांचं एकदा ठरलं की ठरलं."

"मग त्यांच्या नदीत कसं चालतं? तिथे गरम होत नाही?"

"होतं ना. पण एकीकडे ऊन, एकीकडे झाडाची सावली, कुठे खोल, कुठे उथळ. कुठे नर जास्त होतात, कुठे माद्या, आणि एकंदरीत जमतं. आपल्याकडे एकच फळी आहे."

निलेशने टीव्हीचा आवाज वाढवला.

नवा लाल नर सोबत सोडल्यावर एप्रिलच्या शेवटी म्हातारी मादी हळदीसारखी पिवळी झाली आणि करवंटीत शिरून बसली. तिने अंडी घातली. काही दिवसांनी करवंटीतून पिल्लांचा पुंजका तिच्यामागे निघाला. उन्हाळा ऐन भरात होता. वरच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

प्रेमाने त्या दिवशी बाळांना काही विचारलं नाही. निलेशला बोलावून एक टँक खाली आणवला आणि बाळांच्या खाटेखाली शहाबादी लादीवर ठेवला. घरातली सर्वांत थंड जागा तीच होती. त्यात बदामाची पानं घातली नाहीत. मादी आणि पिल्लं एका भांड्यातून आणून सोडली.

"ह्यां काय करतंस?" बाळा उठून बसले.

"दिसता ना."

"वर घेऊन जा."

"नाय नेत."

"प्रेमा, गार पाण्यात मरतली ती."

"वर माझां डोकां फिरता गरमीन. इतकी वर्षां फिरता. तुमी कधी इचारलास?"

बाळांनी निलेशकडे पाहिलं. निलेश बादली घेऊन मोरीत गेला.

लादीवरचं पाणीही मे महिन्यात दुपारी तापायचं. मग नीलमच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि त्या टँकमध्ये तरंगत ठेवायच्या, असा बेत ठरला. धुरींचा फ्रीज लहान होता. नीलमच्या खोक्याने वरचा पोटमाळा तापत होता आणि तिच्याच बर्फाने खालचा टँक थंड होत होता. नीलम दुपारी स्वतः बाटल्या आणून द्यायची.

"मुलगी व्हावी म्हणून बर्फ! माझ्या सासूला हे माहीत असतं ना, तर मला नऊ महिने शेगडीवर बसवली असती."

"ठेव गं बाटली. पाघळतेय."

"बाळाभावजी, तुम्ही काय अंड्यांवर बसल्यासारखे बसलाय?"

बाळा हसले नाहीत. पण त्या खाटेवरून ते हलतही नव्हते. खाटेच्या कडेवरून वाकून पाहायचे, मग बराच वेळ आडवे पडून राहायचे.

पिल्लं फार हळू वाढली. वरच्या फळीवर ज्या वयात ती तांदळाएवढी होत, त्या वयात ही मोहरीला जेमतेम ओलांडत होती. मग पांढरे ठिपके उठले.

ठिपक्यांवर सोपा इलाज धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे: पाणी तापवायचं. थोडे दिवस गरम पाण्यात ठेवलं की रोग जातो. बाळांनी तेच सांगितलं. या वेळी आवाज चढवला नाही.

"वर ने. चार दिस फक्त. जगतली तरी."

"जगतली, आणि सगळे झील होतले, नरच."

"मेल्यावर चेडवां खंयसून येतली?"

प्रेमा टँकपुढे लादीवर बसल्या. पिल्लं काचेला अंग घासत होती. वर नेली तर बहुतेक वाचतील आणि त्यांच्याबरोबर हा लाल संपेल. खाली ठेवली तर किती वाचतील ते सांगता येत नव्हतं. त्यांनी हर्षदकडून औषध मागवलं, पाण्यात जाडं मीठ विरघळवलं, रोज सकाळ-संध्याकाळ तळ उपसून थोडं नवं पाणी घातलं. टँक जागचा हलवला नाही.

रोज तळ उपसताना मेलेली पिल्लं नळीत यायची. बाळा विचारायचे नाहीत आणि प्रेमा सांगायच्या नाहीत. ठिपके गेले तेव्हा निम्म्याहून कमी पिल्लं उरली होती. जूनमध्ये आईही मेली. सकाळी ती तळाशी आडवी पडलेली होती, रंग गेलेला. प्रेमाने तिला जाळीत घेतलं आणि तुळशीच्या डब्यात माती उकरून पुरलं. मग चहा ठेवला.

ऑगस्टमध्ये हर्षद आला. पिल्लं आता बोटाच्या पेराएवढी होती. तो दुकानदाराच्या सवयीने खाटेखाली वाकला, मोबाइलचा उजेड टाकला आणि शीळ घातली.

"भाभी! या तर माद्याच माद्या! पोटाखालचे पर बघ, पुढची कड काळी. झकास. वर नर आहेतच तुझ्याकडे. जोड्या लाव, मी आजच घेऊन जातो. मार्केटमध्ये माल नाही."

"दिसतात माद्या."

"दिसतात म्हणजे आहेत."

"गेल्या वेळी पण दिसत होत्या, हर्षद."

"अरे, एक-दोन गडबड निघते यार. दोन ठेव तुला, बाकी दे."

प्रेमाने बाळांकडे पाहिलं. बाळा हर्षदकडे पाहत होते.

"जोडी नाय," बाळा म्हणाले. "नर होये तर वरसून घेऊन जा. चढ शिडी."

हर्षद नर घेऊन गेला. जाताना शिडीच्या पायरीवर त्याने घसरता पाय सावरला आणि तो म्हणाला, "भाभी, तू रोज चढतेस यावर?"

"रोज."

सोंग उतरवायचा मार्ग प्रेमाला आता माहीत होता. खाटेखालच्या टँकमध्ये त्यांनी मोठा नर सोडलाच नाही. दांडगा डोळ्यांसमोर नसेल तर दबून राहायचं कारण नाही. ज्यांना तुरा उभारायचा आहे ते उभारतील. काहींनी उभारला. त्यांना त्यांनी एकेक करून वर नेलं. उरले ते करडे राहिले, एक महिना, मग आणखी थोडे दिवस. प्रांजल म्हणाली, आता बहुतेक खात्री आहे. प्रेमा म्हणाल्या, अंडी दिसली की खात्री. मग त्यांनी वरचा सर्वांत लाल नर खाली आणून सोडला आणि तीन करवंट्या ठेवल्या.

गणपती येऊन गेले. एका सकाळी बाळांनी हाक मारली. खाटेवरून अर्धे खाली लोंबकळून ते टँकमध्ये पाहत होते.

"गो, इकडे ये. पिवळां झालां."

एक करडी मासोळी पिवळीधमक झाली होती आणि करवंटीच्या तोंडाशी उभी होती. प्रेमाने काचेशी बोट नेलं तसा तिने बोटावर हल्ला केला. काचेवर टक् आवाज झाला. प्रेमाने मोबाइलचा उजेड तिरका धरला. करवंटीच्या आतल्या छताला लालसर अंडी चिकटली होती, खसखशीपेक्षा थोडी मोठी.

"आसत?" बाळांनी विचारलं.

"आसत."

दोघं टँकमध्ये पाहत होती, एक लादीवर बसलेली, एक खाटेवर उलटा. शेजारी नीलमचा एसी घरघरत होता. टँकमध्ये करवंटीवर पहारा करणारी पिवळी होती आणि तिच्या मागे कोपऱ्यात आणखी चार-पाच करड्या.

मग बाळांनी हिशेब मांडायला सुरुवात केली. ही पिल्लं सगळी खाली ठेवली तर माद्याच निघतील. माद्या पुढच्या वर्षाला लागतील हे खरं, पण बाजार नराचा आहे. नर नाहीत तर हर्षद दारात येणार नाही. सगळी वर नेली तर मागचं तेच. म्हणजे दर वेळी अर्धी खाली ठेवायची आणि अर्धी वर न्यायची. दोन ठिकाणी पाणी बदलायचं, दोन ठिकाणी खायला घालायचं. खाली बर्फ, वर बदामाची पानं.

"अर्धी वर, अर्धी खाली," बाळा म्हणाले. "तसांच करूक होया."

प्रेमाने शिडीकडे पाहिलं. मधल्या एका पायरीचा खिळा हर्षदच्या पायाखाली सुटला होता, तो अजून ठोकायचा राहिला होता.

"करूया," त्या म्हणाल्या. "वरची तुमी बघा."

बाळांनी गुडघ्यावरून हात फिरवला. प्रेमा लादीवर हात टेकून उठल्या आणि कपाटातून हातोडी काढली.